कागदाची पाठ

मी केलेली पहिली चूक म्हणजे सगळे कागद नीट लावून ठेवले.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? गावचा वाडा विकायचा ठरला, माळ्यावरची लाकडी पेटी खाली आली आणि तिच्यात खारव्याच्या लाल कापडात बांधलेले चार रुमाल निघाले. दप्तरातल्या कागदांच्या गाठोड्याला रुमालच म्हणतात, हे वडिलांकडून ऐकलं होतं, पण सोडून कुणी बघितले नव्हते. मी सोप्यात सतरंजी टाकून बसले. लांब कागद एकीकडे, आखूड एकीकडे, स्टॅम्पाचे वेगळे, चिठ्ठ्याचपाट्या वेगळ्या. दोन कागद फारच फाटले होते, ते पुण्यात आणून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतले. रुमालांना कुबट वास येत होता, ते टाकून दिले. संध्याकाळी चुलतभावाला फोन करून अभिमानानं सांगितलं, ६१४ कागद, सगळे लावून झाले.

गाव बारामती तालुक्यातलं, सुप्यापासून फार लांब नाही. घरात कुळकर्णीपण होतं. १९५० च्या कायद्यानं वतनं गेली, पण गावचं जुनं दप्तर घरातच राहिलं. आमच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना मोडी येत होती, वडिलांना अक्षरं ओळखण्यापुरती, मला शून्य. त्यामुळे ते ६१४ कागद माझ्या लेखी ६१४ नक्ष्याच होत्या.

कुठे द्यायचे यावर घरात बराच खल झाला. पुण्यात कागद सांभाळणाऱ्या जागांची वानवा नाही. राजवाड्यांनी १९१० मध्ये उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दप्तर जिथे आहे ते पुराभिलेखागार आहे. शेवटी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वळलो. कारण अगदी साधं होतं. त्यांच्याकडे मोडी शिकणारी मुलं होती, आणि स्कॅन केलेले कागद नेटवर ठेवायची त्यांची तयारी होती. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पुढे थोडी तक्रारही येणार आहे.

विशेष संग्रह विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूला. विभागाच्या मॅडम माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. मी कागद कसे लावले ते ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, रुमाल टाकले?"

"फाटले होते हो."

"आणि कुठली चिठ्ठी कुठल्या कागदात गुंडाळलेली होती, ते कुठे टिपून ठेवलंय का?"

नव्हतं ठेवलेलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की जुन्या दप्तरात कागदाइतकीच त्याची जागा बोलते. बांधणाऱ्यानं दोन कागद एकत्र ठेवले ते त्याच्या हिशेबानं. आकाराप्रमाणे लावले की दिसायला छान दिसतात, पण कोण कुणाचं काय लागतं ते विसरतात. लॅमिनेट केलेल्या दोन कागदांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. प्लॅस्टिक उष्णतेनं चिकटवलेलं असतं, कागदाला इजा न करता ते सुटणं फार कठीण. ते दोन अजून तसेच आहेत, गुळगुळीत आणि चकचकीत.

मग दानपत्र. त्यात मालकी विद्यापीठाकडे जाणार, मूळ कागद परत मागता येणार नाहीत, प्रती काढायचा आणि नेटवर ठेवायचा हक्क त्यांचा, आणि कुठले कागद सर्वांना खुले ठेवायचे याबद्दल देणाऱ्याची काही अट असेल तर ती आत्ताच लिहायची, असं सगळं होतं. सह्या सात वारसांच्या. वाडा विकतानाच्या कागदांवर सातही जणांनी चार दिवसांत सह्या केल्या होत्या. या दानपत्राला चार महिने लागले. ज्यांनी उभ्या आयुष्यात माळा चढला नव्हता त्यांना अचानक वाटायला लागलं की पेटीत एखादी सनद असेल, शिवाजी महाराजांचं पत्र असेल, लिलावात लाख मिळतील. न्यू जर्सीतला पुतण्या तर म्हणाला, आधी किंमत काढून घेऊ. सह्या झाल्यावर ग्रंथालय समितीची मंजुरी लागते असं कळलं आणि समितीची बैठक नुकतीच होऊन गेली होती. पुढची तीन महिन्यांनी. तोवर कागद माझ्या कपाटात, डांबरगोळ्या न घालता. घालायच्या नाहीत अशी सक्त ताकीद होती.

कागद एकदाचे आत गेले. नोंदवहीत क्रमांक पडला, मग काही आठवडे ते इतर संग्रहापासून दूर एका बंद कपाटात ठेवले. आमच्या माळ्यावरची कसर त्यांच्या पोथ्यांत जाऊ नये म्हणून. मऊ ब्रशनं धूळ काढली, टाचण्या काढल्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घातले. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा. पेन आत न्यायलाच बंदी.

मी एव्हाना निवृत्त झाले होते आणि घरी बसून करण्यासारखं फारसं नव्हतं. मॅडमना विचारलं, मी येऊन बसू का? त्या म्हणाल्या, या, पण हात लावायचा नाही. असे माझे मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले.

स्कॅनिंग म्हणजे मला फार मोठं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात सगळ्यात सोपं तेच. वरून फोटो घेणारं यंत्र, खाली काळी मऊ गादी, कडेला रंगांच्या चौकटींची पट्टी आणि मोजपट्टी, म्हणजे पुढे पडद्यावर बघणाऱ्याला कागदाचा खरा रंग आणि खरा आकार कळावा. ४०० डीपीआयला एफोरएवढ्या कागदाची रंगीत टिफ फाईल साधारण ४५ एमबीची होते. ती मूळ प्रत जपून ठेवायची, आणि नेटवर द्यायला हलकी जेपेग. बाहेरच्या एजन्सीचा एक मुलगा ते करत होता. हात झपाट्याचा. नवव्या दिवशी ६१४ कागद संपवून त्यानं बिल दिलं.

त्याच शुक्रवारी मी पडद्यावर फाईली बघत होते. मोडी तेव्हा मला जेमतेम यायला लागली होती. मॅडमनी एका वर्गात घातलं होतं. सलग लिहिलेली ओळ, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीच, आधी मारून ठेवलेल्या शिरोरेघेला अक्षरं टांगलेली. पण आकडे लवकर ओळखू यायला लागले, आणि आकडे हा माझा प्रांत. रुपये, व्याज, मुदत. एका मागून एक कर्जरोखे. वर 'धनको नाम' आणि आमच्या खापरपणजोबांचं नाव, खाली 'रिणको नाम' आणि गावातलं कुणीतरी. खाली सहीच्या जागी नांगराचं चित्र. लिहिता न येणारा शेतकरी अशी नांगराची निशाणी करी, बाई असेल तर बांगडीची.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पंधरावीस रोखे बघितल्यावर कळलं. वसूल कुठे आहे? कर्ज दिलं तर हप्ते आले असतील. आमच्या बँकेत प्रॉमिसरी नोटेच्या मागे भरणा लिहायचा रिवाज होता, मी नोकरीला लागले तेव्हासुद्धा. मी मॅडमना म्हटलं, या कागदांच्या पाठी बघता येतील का? त्यांनी एक पाकीट उघडून कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात चार ओळी. पावले रुपये इतके, मिती अमुक.

मुलानं पाठी घेतल्याच नव्हत्या. त्याला वाटलं, मागे काही नाही, किंवा असलं तरी गिचमिड. त्याला काय बोल लावायचा? एजन्सीला पैसे प्रतिमेमागे मिळत होते आणि कामाच्या आदेशात 'कागद' असं लिहिलं होतं, 'दोन्ही बाजू' नव्हतं. पण विचार करा, ते तसंच नेटवर गेलं असतं तर दीडशे वर्षांपूर्वी फेडलेली कर्जं संशोधकांच्या पडद्यावर कायमची थकीत राहिली असती. नवीन मंजुरी, नवीन आदेश, आणखी दोन महिने. या वेळी मॅडमनी लिहून घेतलं, पाठ कोरी असली तरी घ्यायची. कोरी आहे हे दिसलं पाहिजे.

दुसऱ्या फेरीनंतर मोजणी झाली. एकूण रोखे १३७. त्यातल्या ५८ च्या मागे वसुलाच्या नोंदी. ३१ ठिकाणी शेवटी एक शब्द, 'बेबाक'. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठानं नेटवर ठेवलाय, त्यात शोधला. पुरतं फिटलं, काही देणं उरलं नाही, असा अर्थ. ७९ रोख्यांच्या पाठी कोऱ्या.

खरं काम यानंतरचं. प्रत्येक प्रतिमेला नाव, तारीख, विषय, माणसं यांची नोंद लावायची. डीस्पेस नावाच्या प्रणालीत एक तक्ता भरायचा असतो, डब्लिन कोअर म्हणतात त्याला, पंधरा रकाने. त्यातला 'कर्ता' हा रकाना भरताना आमच्यात तासभर वाद झाला. कर्जरोख्याचा कर्ता कोण? अक्षर आमच्या खापरपणजोबांचं किंवा त्यांच्या कारकुनाचं. पण मजकूर आहे 'मी अमुक, तुमच्यापासून रुपये घेतले' असा. लिहून देणारा कुळ. मॅडम म्हणाल्या, कायद्यानं विधान त्याचं, तेव्हा कर्ता तोच. ज्याला लिहिताच येत नव्हतं तो कर्ता, आणि ज्यानं हवं ते लिहिलं तो फक्त 'लेखनिक'. मी बँकेत असताना किती अंगठे घेतले असतील ते त्या दिवशी आठवलं.

तारखांनी तर रडवलं. एका जुन्या कागदावर 'सन अर्बा मयातैन व अलफ' होतं. म्हणजे चार, दोनशे आणि हजार, १२०४. नोंदी भरणाऱ्या मुलीनं ते हिजरी समजून १७८९ टाकलं. पण हा शुहूर सन. आकडे अरबी, वर्ष मात्र सूर्याचं, मृगाला बदलणारं. त्यात ५९९ मिळवायचे, मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर, आणि जानेवारीपासून पुढचा असेल तर ६००. म्हणजे १८०३-०४. चौदा वर्षांचा फरक, आणि चौदा वर्षं साधी नव्हेत. १८०३-०४ म्हणजे होळकरांच्या धामधुमीनंतरचा दुष्काळ. कागदात गाव पड पडल्याचा आणि सारा सुटावा म्हणून केलेल्या अर्जाचा मजकूर आहे. १७८९ खाली तो कुणाला कळलाच नसता.

दुसरी गंमत एका रोख्याची. शाई ओघळून शके १७८२ चा आठ पाचासारखा दिसत होता, म्हणून १७५२ अशी नोंद झाली. पण पुढे 'रौद्रनाम संवत्सरे' स्पष्ट होतं. १७५२ चा संवत्सर विकृती, १७८२ चा रौद्र. साठ नावांचं ते चक्र लहानपणी आजीनं पाठ करून घेतलं होतं, तेव्हा वैताग आला होता. शके १७८२, म्हणजे १८६०-६१. पंचांगानं असा कधी हात दिला नव्हता.

आता मुख्य प्रश्न. १३७ रोखे, त्यांत नावं. ती माणसं गेली, पण आडनावं गावात आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं आमच्या वाड्यासमोरून ट्रॅक्टर नेतात. कुणाच्या पणजोबानं बैलासाठी वीस रुपये घेतले, कुणी लग्नासाठी शेत गहाण टाकलं, हे जगाला दाखवायचा आम्हाला काय अधिकार? आणि लपवायचा तरी काय अधिकार? चुलतभाऊ म्हणाला, रोखे बंद ठेवा, उगाच सावकार म्हणून आपलंच नाव जाईल. हे त्याच्या मनातलं खरं कारण होतं, आणि माझ्याही मनात नव्हतं असं नाही.

सुपं जवळ असल्यामुळे हा विषय मला टाळता येईना. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं फुटली, वह्या आणि रोखे जाळले गेले, तिथून दंगे पसरले. लोकांना मुख्यतः कागदच हवे होते, जाळायला. त्यानंतरच्या आयोगाचा अहवाल मी आता वाचला. त्यात नोंद आहे की रोष बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, जिथे ब्राह्मण सावकारही होते तिथे बहुधा त्यांना हात लागला नाही. म्हणजे आमचे रुमाल वाचले ते आमच्या कुणाच्या चांगुलपणामुळेच असं समजायचं कारण नाही. आणि कुळांची एक मोठी तक्रार तीच होती, पैसे फेडतो पण सावकार पावती देत नाही, वसूल लिहीत नाही. १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्यांचे दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे करायची सक्ती आली ती यातूनच. आमचे रोखे बहुतेक सगळे त्याच्या आधीचे.

दानपत्रातल्या अटीच्या जागेत मी काहीच लिहिलं नव्हतं. मॅडमनी मधला मार्ग काढला. सूची सर्वांना खुली, गावकीचे कागद पूर्ण खुले, रोख्यांच्या प्रतिमा मात्र सध्या फक्त वाचनकक्षातल्या संगणकावर. गावातल्यांना विचारून मग उघडू.

विचारायला मी जायच्या आधीच फोन यायला लागले. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. रोख्यांत रिणकोच्या नावापुढे 'जात कुणबी, धंदा शेती' असं अनेकदा येतं, ही बातमी गावात कशी पोचली कोण जाणे. ज्या नावांची लाज वाटेल म्हणून आम्ही दार लोटून घेतलं होतं, ती नावं लोकांना हवी होती. सूचीत आडनाव शोधून, क्रमांक लिहून घेऊन मुलं पुण्याला येऊ लागली. खाजगी दप्तरातल्या कागदाचा त्यांना किती उपयोग होईल हे ठरवणं ग्रंथालयाच्या हातात नव्हतं. ते फक्त प्रत आणि ती कुठल्या मूळ कागदाची, एवढं देत होतं.

मी गावी गेले ती एका तात्यांकडे. वय ऐंशीच्या पुढे, वडिलांच्या बरोबरीचे. त्यांच्या आज्याच्या बापाचा रोखा होता. प्रिंट घेऊन गेले. ओसरीवर बसल्या बसल्या मी देवनागरीत उतरवलेला मजकूर वाचून दाखवला. पन्नास रुपये, विहिरीकडचा पट्टा गहाण, निशाणी नांगराची. नातवानं 'कुणबी' शब्दावर बोट ठेवून मोबाईलवर फोटो काढला. तात्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"हिरीकडचा पट्टा व्हय," ते म्हणाले. "त्यो कूळकायद्यात आला माघारी. तुमच्या अण्णांनी काय खळखळ केली न्हाय, खोटं का बोलू."

मी विचारलं, "तात्या, हा कागद असा सगळ्यांना दिसू दिला तर चालेल का?"

"दिसू द्या की. आमी काय चोरी केली?" मग त्यांनी प्रिंट हातात घेतला, उलटा केला. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या कागदांवर आणल्या होत्या. दुसरा कागद पुढे केला. पिवळट, डाग पडलेला, कडेला मोजपट्टी आणि रंगांच्या चौकटी.

"मागं काय लिवलंय?"

"मागे काही नाही. कोरं आहे."

"कोरं म्हंजे? फेडलं न्हाय, का फेडलं आन् लिवलं न्हाय?"

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. कधी कधी हप्ता रोख्याच्या पाठीवर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत, आणि ती चिठ्ठी रोख्यातच गुंडाळून ठेवत. अशा चिठ्ठ्या आमच्या कागदांत आहेत. 'पावले रुपये पाच', खाली मिती. नाव नाही, कारण नावाची गरज नव्हती, ज्या रोख्यात ती होती तोच तिचं नाव.

"मग बगा की आमच्यात कंची हुती."

ग्रंथालयात सहाव्या पेटीत एक पाकीट आहे. त्याच्यावर मॅडमच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'सुट्या पावत्या, ४३. मूळ जागा अज्ञात.' मी त्या सतरंजीवर एका बाजूला काढल्या होत्या. आखूड होत्या म्हणून.